धुरंधर नक्कल करत होते म्हणे!

महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात झाला आणि मृत्यू १ जून १९४४ रोजी मुंबईत. १८९० मध्ये ते सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाले, पुढे तिथेच शिक्षक झाले आणि १९३१ मध्ये निवृत्त होण्यापूर्वी काही काळ संस्थेचे प्रमुखपदही त्यांनी सांभाळले. या साऱ्या वर्षांचा वृत्तान्त त्यांच्या ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें’ या १९४० च्या आत्मचरित्रात आहे. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले, त्याला नाव दिले होते ‘द रोमँटिक रिअलिस्ट’. ते नाव यथायोग्य होते. डोळ्यांना दिसते ते नेमके टिपायचे आणि टिपलेल्याला कथेचा, भावनेचा, सणासुदीचा उजाळा द्यायचा, ही धुरंधरांची रीत. त्या रीतीचा पाया त्यांच्या पेन्सिल-रेखाटनांत आहे, आणि नेमक्या त्या पायावरच सध्या लोकांचा राग आहे.

राग मुंबई-पुण्यात आहेच, पण नांदेड-लातूरकडे तो जरा जास्त ठसक्यात ऐकू येतो. प्रदर्शनांच्या उद्घाटनांत, कलाशिक्षकांच्या शिबिरांत, चहाच्या टपरीवर. मत थोडक्यात असे. धुरंधर म्हणजे इंग्रजांनी घडवलेला हुशार कारागीर. साहेबांनी शिकवले तसे काढले, रविवर्म्याने काढले ते पुन्हा काढले. हजारो चित्रे काढणारा माणूस विचार कधी करणार? त्याच्या वह्यांतली रेखाटने हा निव्वळ हातसफाईचा सराव, त्यात कला कुठली? बायका सगळ्या गोड, सण सगळे आनंदाचे, दुष्काळ कुठेच नाही. आणि शेवटचा घाव: मुंबई इलाख्यातल्या या चित्रकाराशी निजामाच्या राज्यात राहिलेल्या मराठवाड्याचा संबंधच काय?

मत ऐकायला झणझणीत आहे. फक्त त्यातले एकही वाक्य रेखाटनांसमोर टिकत नाही.

‘साहेबांनी शिकवले तसे काढले’ हा पहिला आरोप. जे. जे. स्कूल १८५७ मध्ये सुरू झाले ते इंग्रजी धोरणातून, तिथे प्लॅस्टरच्या ग्रीक-रोमन पुतळ्यांवरून छायाप्रकाश शिकवला जाई, हे शाळेच्या इतिहासात उघडच लिहिलेले आहे. त्याचा गौप्यस्फोट करण्यासारखे काही नाही. पण युरोपीय अकादमीचा कणा म्हणजे नग्न मॉडेलसमोर बसून केलेला अभ्यास. तसा वर्ग जे. जे. मध्ये नीट सुरू केला संस्थेचे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी, पहिले महायुद्ध संपल्यानंतर. तोवर धुरंधर पन्नाशी ओलांडून गेले होते आणि त्यांची शैली केव्हाच घडून गेली होती. मग लुगड्याच्या निऱ्यांखाली वाकलेला गुडघा, कडेवर पोर घेतल्यावर एका बाजूला झुकणारी कंबर, जात्यावर बसलेल्या बाईचा ताठलेला दंड हे त्यांना कोणत्या साहेबाने शिकवले? ते घरात, गल्लीत, देवळाच्या पायऱ्यांवर बघून शिकलेले आहे. पत्नी, मुली, शेजारीपाजारी हेच त्यांचे मॉडेल. मुलगी अंबिका पुढे स्वतः जे. जे. मधून शिकून चित्रकार झाली. अभ्यासक्रम विलायती असेल. त्यात भरलेला माल या मातीतला आहे.

आणि प्रभाव घेणे हाच गुन्हा असेल, तर न्याय सगळ्यांना सारखा हवा. इंग्लंडचा टर्नर हा रोमँटिक चित्रकारांतला शिरोमणी. त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले की आपले कार्थेजचे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत क्लोद लोरँच्या चित्राशेजारीच टांगावे. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या गुरूशी बरोबरी करण्याची हौस त्याने मेल्यावरही सोडली नाही. टर्नरला कोणी ‘क्लोदचा नक्कल्या’ म्हणते का? फ्रान्सच्या देलाक्रवाने १८२४ च्या पॅरिस प्रदर्शनात इंग्रज कॉन्स्टेबलचे ‘हे वेन’ पाहिले आणि स्वतःच्या किऑसच्या कत्तलीच्या चित्रावर पुन्हा हात फिरवला, ही गोष्ट कलेच्या इतिहासाची पुस्तके कौतुकाने सांगतात. तिथे तो ‘संवाद’ असतो. इंग्रजाकडून फ्रेंचाने घेतले तर संवाद, इंग्रजाकडून कोल्हापूरकराने घेतले तर गुलामी! हा निकष कोणत्या शाळेत शिकवतात ते एकदा कळले पाहिजे.

रविवर्म्याचा आरोप जरा जास्त मानाचा आहे, कारण त्यात अर्धे तथ्य आहे. राजा रविवर्मा यांचे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी केलेले पौराणिक चित्रांचे काम १८९० च्या सुमारास पुरे झाले, आणि त्या चित्रांचा दबदबा त्या पिढीतल्या प्रत्येक तरुण चित्रकारावर होता. धुरंधरांवरही होता. पण ‘रविवर्म्याचे छापील कॅलेंडर बघून धुरंधर घडले’ हे जे बिनदिक्कत सांगितले जाते, ते तारखांतच अडकते. रविवर्म्याचा शिळाछाप कारखाना मुंबईत सुरू झाला १८९४ मध्ये. तोवर धुरंधर चार वर्षे जे. जे. मध्ये शिकत होते, आणि १८९५ मध्ये त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदकही मिळाले. छापखान्याची शाई वाळायच्या आत माणूस घडून पदक घेऊन मोकळा झाला?

तारखा बाजूला ठेवून चित्रे पाहिली तरी फरक लपत नाही. रविवर्म्याच्या चित्रात नजर एकट्या नायिकेवर खिळते. दमयंती असो, शकुंतला असो, तिच्या भोवतीचे जग तिची वाट बघत थांबलेले असते. धुरंधरांच्या चित्रात कोणी थांबत नाही. लग्नाच्या मांडवात वधू-वर मधोमध असतात, पण कोपऱ्यात एक म्हातारी कोणाच्या तरी कानात काहीतरी सांगत असते, एक पोरगे पाटावर चढू बघत असते, आणि वाजंत्रीवाल्याचे गाल फुगलेले असतात. गर्दी हे धुरंधरांचे खरे क्षेत्र. गर्दी कोणत्याही गुरूकडून उसनी मिळत नाही. तिच्यासाठी रोज वही घेऊन बाहेर पडावे लागते. त्या मांडणीत उभे-आडवे पट, समोरून येणारा उजेड, पात्रांचे गट दिसतात. त्यांचे मूळ शोधायचेच असेल तर लंडनइतकेच ते त्या काळच्या मराठी संगीत रंगभूमीतही शोधावे लागेल. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगमंचावर आले तेव्हा धुरंधर तेरा वर्षांचे होते. त्यांची अख्खी पिढी पडदा वर जाताना बघत मोठी झाली. हा प्रभाव आक्षेपकांच्या यादीत कधीच नसतो, कारण तो विलायती नाही.

आता रेखाटनांकडे. ‘सराव’ म्हणून जे झटकून टाकले जाते, तिथेच धुरंधर सर्वांत मोकळे आणि सर्वांत अचूक आहेत. पेन्सिलच्या चार-सहा रेघांत पाठमोरी बाई उभी राहते: डोक्यावर घागर, मानेत आलेला ताठपणा, डाव्या पायावर गेलेला भार. चेहरा नसतो, पार्श्वभूमी नसते. तरी ती बाई कोणत्या वयाची, दमलेली की घाईत असलेली, हे कळते. यातल्या अनेक रेखाटनांवर सही आणि तारीख आहे. सरावाच्या कागदावर तारीख घालून तो जपून कोण ठेवते? ज्याला ठाऊक असते की आज पाहिलेला हात चार वर्षांनी चित्रात लागणार आहे, तोच.

चित्र घडण्याचा क्रमही तसाच आहे. आधी छोटे, धसमुसळे रेखाटन, त्यात फक्त काळे-पांढरे ढीग. कोण कुठे उभे राहील एवढेच ठरवायचे. मग एकेका आकृतीचा वेगळा अभ्यास, त्यातही हात आणि पदर स्वतंत्र. मग जलरंगात रंगाची टिपणे. आणि शेवटी पक्के चित्र. या पायऱ्या उतरताना काय गळते आणि काय टिकते, ते पाहणे म्हणजे चित्रकाराचे डोके चालताना पाहणे. बहुतेक वेळा चेहऱ्यावरचा राग किंवा थकवा पक्क्या चित्रात येईपर्यंत मवाळ होतो, हे मान्य करायला हरकत नाही. पण मग आक्षेपकांनी रेखाटने जास्त पाहायला हवीत की कमी?

युरोपात हे भांडण कधीच मिटले. कॉन्स्टेबल आपल्या सहा-सहा फुटी निसर्गचित्रांसाठी तेवढ्याच आकाराचे कच्चे तैलचित्र आधी करत असे. ‘हे वेन’चे तसे कच्चे रूप लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे आणि आज कित्येकांना ते पक्क्याहून जिवंत वाटते. फ्रेंच चित्रकार जेरिकोने ‘मेड्युसाचा तराफा’ १८१९ मध्ये लोकांसमोर आणण्यापूर्वी मृतदेहांचे, तुटलेल्या हातापायांचे अभ्यास केले. ते अभ्यास आज स्वतंत्र कलाकृती म्हणून भिंतीवर आहेत. देलाक्रवा १८३२ मध्ये मोरोक्को आणि अल्जीरियात फिरला, वह्यांत जलरंगाच्या शेजारी रंगांची नावे शब्दांत लिहून आणली, आणि १८३४ च्या ‘अल्जियर्सच्या स्त्रिया’पासून १८६३ मध्ये मरेपर्यंत त्याच शिदोरीवर चित्रे काढत राहिला. टर्नरच्या हातची तीस हजारांहून अधिक कागदी कामे ब्रिटिश राष्ट्राने जपली आहेत. त्या राष्ट्राला ‘सराव’ आणि ‘कला’ यांतला फरक कळत नसावा. तो फक्त आपल्याकडच्या व्याख्यात्यांना कळतो.

‘फार काढले, म्हणून उथळ’ या आरोपाला फार वेळ देण्याचे कारण नाही. टर्नरचा आकडा वर आलाच आहे. धुरंधरांनी पुस्तकांसाठी, पोस्टकार्डांसाठी, संस्थानिकांसाठी, सरकारसाठी अफाट काम केले. नवी दिल्लीच्या सचिवालयातल्या कायदे-सदस्यांच्या दालनातली भित्तिचित्रेही त्यांची. त्यातले काही घाईचे आहे. पण तेच काम नीट उलगडले तर रेखाटनांचा उपयोग हाताला लागतो.

इंग्रज अधिकारी सी. ए. किंकेड यांचे ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ १९१४ मध्ये निघाले. नाव इंग्रजी, आत आपल्या श्रावणातल्या कहाण्या: आदित्यराणूबाईची, सोमवारची, शुक्रवारची. ‘आटपाट नगर’ म्हटल्यावर ऐकणारी प्रत्येक आजी आपापले नगर मनात आणते. त्या नगराला घरे, पायऱ्या, तुळशीवृंदावन आणि माणसे देणाऱ्या पहिल्या चित्रकारांत धुरंधर आहेत. हे साहेबासाठी काढले, खरे. पण साहेबाला आटपाट नगर ठाऊक नव्हते, चित्रकाराला होते.

ऑटो रॉथफेल्ड यांच्या १९२० च्या ‘विमेन ऑफ इंडिया’त धुरंधरांची ४८ रंगीत चित्रे आहेत. लेखकाची दृष्टी वसाहतवादी अधिकाऱ्याची आहे, जातीजमातींची वर्गवारी लावणारी. त्या मजकुराची पाठराखण करण्याचे काही कारण नाही. मात्र चित्रे मजकुराच्या पुढे गेली आहेत. कासोटा कसा खोचला, पदर कोणत्या खांद्यावरून आला, कोळणीचे लुगडे गुडघ्यापाशी कसे आवळले, हे वर्गवारीतून येत नाही. ते शंभर वेळा रेखाटल्यावर येते. तेव्हाच्या नेसणीच्या पद्धतींचा आज अभ्यास करायचा झाला तर फोटो अपुरे पडतात. फोटोत बाई बहुधा स्टुडिओत खुर्ची धरून ताठ उभी असते. धुरंधरांकडे ती चालते, वाकते, ओझे उचलते. एस. एम. एडवर्ड्स या मुंबईच्या पोलिस कमिशनरच्या ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ (१९१२) मधली चित्रे आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीची विनोदी पोस्टकार्डे तर शहराच्या फुटपाथवरूनच उचललेली आहेत. ज्याला ‘सगळे गोडगोड’ म्हणायचे आहे त्याने ती पोस्टकार्डे एकदा डोळ्यांखालून घालावीत. तिथे ढेरपोटे आहेत, टोपीवाले आहेत, ऐटबाज आहेत, आणि चित्रकार त्यांना हसतो आहे.

गोडव्याबद्दल एवढेच मान्य करता येईल की धुरंधरांच्या तरुण स्त्रियांचे चेहरे एकमेकींच्या बहिणी वाटतात. दुष्काळ आणि प्लेग त्यांच्या पक्क्या चित्रांत फारसा दिसत नाही, हेही खरे. परंतु चित्रकाराने काय काढले नाही याची यादी करून त्याने जे काढले ते नाकारायचे, ही समीक्षा नव्हे. ज्या घरात, ज्या वाड्यात, ज्या माजघरात मराठी बाईचा दिवस जाई, ते माजघर त्याच्याआधी कोणी चित्रयोग्य मानले होते? पुराणातली राणी नाही, दरबारातली नर्तकी नाही, फक्त दळणारी, निवडणारी, पोराला न्हाऊ घालणारी बाई. आनंदाने रंगवली म्हणून ती खोटी ठरत नाही.

उरला मराठवाडा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले लातूर हैदराबाद संस्थानात होते, धुरंधर त्याच्या चार वर्षे आधीच गेले होते. म्हणून ‘संबंध काय’ हा प्रश्न विचारणाऱ्यांना एक उलट प्रश्न. धुरंधरांना जे. जे. मध्ये घेणारे, शिकवणारे जॉन ग्रिफिथ्स त्याआधी काय करत होते? १८७२ ते १८८५ या काळात ते आपले विद्यार्थी घेऊन निजामाच्या हद्दीत अजिंठ्याच्या लेण्यांत बसले होते, भिंतींवरची चित्रे कॅनव्हासवर उतरवत. त्या प्रतिकृतींपैकी अनेक १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या आगीत गेल्या. उरलेल्यांवर आधारलेले ग्रिफिथ्स यांचे दोन खंड १८९६-९७ मध्ये निघाले. म्हणजे धुरंधर शिकत होते त्या वर्षांत त्यांच्या गुरूच्या टेबलावर मराठवाडा होता. धुरंधरांची रेघ थेट अजिंठ्याची आहे असा दावा करणे अतिशयोक्ती होईल. तशी ती नाही, ती जास्त मांसल आहे, तिला छायेचा आधार लागतो. पण भारतीय आकृती भारतीय भिंतीवरून शिकता येते, हे त्या संस्थेला अजिंठ्यानेच दाखवले. संबंध नाही म्हणणाऱ्यांनी आधी आपल्याच प्रदेशाचा इतिहास वाचावा.

दुसरा संबंध आजचा आहे आणि तो जास्त बोचरा आहे. ‘धुरंधर नक्कल करत’ असे म्हणणाऱ्यांपैकी कित्येक जण शासकीय रेखाकला परीक्षांची, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षांची, तयारी करून घेतात. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून या परीक्षेला लातूर आणि नांदेडमध्ये मुलांची झुंबड असते. जिथे गुणांचा ‘पॅटर्न’ गावाच्या नावाने ओळखला जातो, तिथे असणारच. परीक्षेत ‘स्मरणचित्र’ नावाचा एक विषय आहे. पाहिलेले, मनात साठवलेले काढायचे. प्रत्यक्षात काय होते? गाईडमधल्या तीन ठरावीक आकृत्या, एक छत्रीवाला, एक टोपलीवाली, एक पाठमोरा मुलगा, घोटून पाठ केल्या जातात आणि बाजार, जत्रा, बसस्थानक अशा कोणत्याही विषयात चिकटवल्या जातात. बैल काढला तर तो कोणत्याच गावचा नसतो. लाल कंधारी ज्या जिल्ह्यात निपजली आणि देवणी ज्या तालुक्याच्या नावाने देशभर ओळखली जाते, तिथल्या मुलांच्या कागदावर बिनजातीचा बैल! नक्कल म्हणजे काय याचा याहून स्वच्छ नमुना धुरंधरांच्या हजारो कागदांत सापडणार नाही.

धुरंधरांच्या वह्या या रोगावरचे औषध आहेत, आणि औषध कडू नाही. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. तिथे अर्धा तास बसले तर हमाल, हातगाडी, हिशेब करणारा आडत्या, फळे निवडणारी बाई, सगळे फुकट मॉडेल म्हणून उभे राहते. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, उंट, गाढवे आणि त्यांचे सौदे करणारे हात दिसतात. नांदेडला होळीनंतरच्या शिखांच्या हल्लाबोल मिरवणुकीत धावणाऱ्या माणसांचा जो वेग असतो, तो कोणत्याही गाईडमध्ये नाही. धुरंधरांनी जे केले ते एवढेच: बाहेर बसले, रेघ मारली, तारीख घातली, घरी येऊन ती रेघ पुन्हा पाहिली. याला विलायती पद्धत म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. मग डोळेही विलायतीच मानावे लागतील.

तेव्हा निकाल स्पष्ट आहे. धुरंधरांनी घेतले ते उघडपणे घेतले, घेतलेले पचवले, आणि ते पचवल्याचा कागदोपत्री पुरावा रेखाटनांच्या रूपाने मागे ठेवला. ज्यांना ते नक्कल वाटते त्यांनी मूळ दाखवावे: कोणत्या साहेबाच्या, कोणत्या रविवर्म्याच्या कागदावर ही घागरीवाली, हा फुगलेल्या गालांचा वाजंत्रीवाला, ही कानगोष्टी करणारी म्हातारी आहे?

आणि कलाशिक्षकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. भारतीय कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या चित्रांचा स्वामित्वहक्क संपतो. धुरंधरांचा तो २००४ अखेर संपला. १९१२, १९१४ आणि १९२० च्या त्या पुस्तकांतली त्यांची चित्रे मोठी करून वर्गाच्या भिंतीवर लावायला आता कोणाची परवानगी लागत नाही. पुढच्या ग्रेड परीक्षेआधी ती लावावीत आणि गाईड कपाटात ठेवावे.